गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्यांचं लहान आतडं : गोठ्यात नेहमी विचारले जाणारे प्रश्न

गोठ्यात पचनाचा विषय निघाला की बोलणं कोटीपोटापाशी, म्हणजे चार पोटांतल्या पहिल्या, सगळ्यांत मोठ्या पोटापाशी सुरू होतं आणि तिथंच संपतं. रवंथ करते का, पोट फुगलंय का, सोडा द्यायचा का. सांगली-सोलापूरच्या दुष्काळी पट्ट्यात इतकी वर्षं जनावरं तपासताना मला मात्र सारखं वाटत आलंय, की वासरांची निम्मी दुखणी आणि खुराकावरचा बराचसा वाया गेलेला पैसा समजून घ्यायचा असेल तर पुढच्या नळीत, म्हणजे लहान आतड्यात डोकावायला हवं. लोक फोनवर, डेअरीच्या रांगेत, कधी मेलेल्या जनावराशेजारी उभं राहून जे विचारतात, ते प्रश्न इथं घेतलेत.

लहान आतडं पोटात नेमकं कुठं असतं?

बहुतेक सगळं उजवीकडे. डावी बाजू कोटीपोटानं व्यापलेली असते, म्हणून आफरा झाला की डावी भकाळी, म्हणजे बरगड्यांमागची कूस, फुगते आणि आतड्यांना उजव्या अंगाला दाटीवाटीनं राहावं लागतं. आतड्याच्या शस्त्रक्रियेसाठी गाईची उजवी भकाळी उघडतात ती याचसाठी.

त्याची मांडणी पाहण्यासारखी असते. मोठ्या आतड्याचा एक भाग जिलबीसारखा वळलेला असतो आणि त्या जिलबीच्या कडेनं लहान आतड्याच्या वळ्या झालरीसारख्या लोंबत असतात. सगळं एका पातळ, चरबीच्या रेषा असलेल्या पडद्याला धरून. त्या पडद्यातूनच रक्तवाहिन्या येतात. (शेळी-मेंढीच्या लेंड्या त्या जिलबीच्या शेवटच्या वेढ्यांत वळल्या जातात. लहान आतड्यातला माल पातळच असतो.)

त्याला लहान का म्हणायचं? कसाई तर ढीगभर आतडी काढतो.

लहान म्हणजे घेरानं लहान. लांबीला ते सगळ्यांत मोठं. मोठ्या गाईत साधारण २७ ते ४९ मीटर, सरासरी ४० च्या आसपास. मेंढीत १८ ते ३५ मीटर. गाईच्या आतड्याचा घेर धरला तर नळीची रुंदी ५-६ सेंटिमीटर भरते.

शिकत असताना आम्ही एका गाईचं आतडं पडद्यापासून सोडवून शवविच्छेदनाच्या खोलीबाहेर व्हरांड्यात पसरलं होतं. व्हरांडा संपला, आतडं संपेना. तेव्हा परत वळवून आणावं लागलं. आकडा विसरला असता, तो व्हरांडा विसरलो नाही.

आकारमानात मात्र चित्र उलटं आहे. गाईच्या अख्ख्या पचनमार्गात चारही पोटांचा वाटा ७० टक्क्यांच्या घरात, तर लहान आतड्याचा १८ टक्क्यांच्या आसपास. चारा पोटात दिवस-दीड दिवस मुरतो आणि या लांब, अरुंद नळीतून काही तासांत पुढं सरकतो.

त्याचे भाग किती?

तीन. ड्युओडेनम म्हणजे आद्यांत्र, जेजुनम म्हणजे मध्यांत्र आणि इलियम म्हणजे शेषांत्र. गाईत पहिला भाग मीटरभर, शेवटचाही साधारण तेवढाच. बाकी सगळी लांबी मधल्याची.

आद्यांत्रात पित्त आणि स्वादुपिंडाचा रस येऊन मिळतो. गाईत या दोन नळ्या वेगवेगळ्या उघडतात, पित्ताची आधी आणि स्वादुपिंडाची साधारण फूटभर पुढं. शेळी-मेंढीत दोन्ही एकत्र होऊन एकाच तोंडानं उघडतात. शेतकऱ्याला याचा थेट उपयोग नाही. परीक्षेला हमखास विचारतात, एवढंच.

कोटीपोटातच सगळं पचतं ना? मग आतड्याला काम काय उरतं?

चारा कोटीपोटात कुजतो, म्हणजे आंबतो. तिथले जंतू कडब्यातला तंतू फोडतात आणि त्यातून तयार होणारी आम्लं कोटीपोटाच्या भिंतीतूनच रक्तात जातात. गाईची बरीचशी ऊर्जा अशी येते. पण प्रथिनांचा हिशेब वेगळा आहे.

पेंडीतलं बरंचसं प्रथिन जंतू फोडून टाकतात आणि त्यातून स्वतःचं अंग वाढवतात. हे जंतू पाण्याबरोबर पुढं वाहत चौथ्या, म्हणजे खऱ्या पोटात येतात. तिथलं आम्ल त्यांना मारतं आणि ते लहान आतड्यात येऊन पचतात. आतड्यात शोषल्या जाणाऱ्या अमिनो आम्लांपैकी साधारण निम्मी ते ८० टक्के या मेलेल्या जंतूंची असतात. उरलेली कोटीपोटातून न फुटता सुटलेल्या पेंडीची. म्हणजे दुधातलं प्रथिन ज्या कच्च्या मालातून बनतं, तो रक्तात शिरतो तो लहान आतड्यातच.

गाईचं शरीर या जंतूंच्या जेवणासाठी खास तयार झालंय. जंतूंच्या अंगात न्यूक्लिक आम्लं भरपूर असतात, म्हणून रवंथ करणाऱ्यांच्या स्वादुपिंडात ती फोडणारं रायबोन्यूक्लिएज हे विकर (एन्झाइम) भरमसाट असतं. आपल्यात त्याचा एवढा साठा लागत नाही.

याशिवाय तेल-चरबी शोषली जाते ती इथंच, आणि कॅल्शियमही मुख्यतः इथंच, ड जीवनसत्त्वाच्या मदतीनं. मॅग्नेशियम मात्र मोठ्या जनावरात कोटीपोटातूनच शोषलं जातं. जंतूंनी कोबाल्टपासून बनवलेलं ब-१२ जीवनसत्त्व शोषलं जातं ते थेट शेवटच्या टोकाला, इलियममध्ये.

आतून आतडं कसं दिसतं?

चिरून, पाण्याखाली धरून बघा. मखमल. ती लव म्हणजे लाखो बारीक अंकुर, त्यांना व्हिलाय म्हणतात. प्रत्येक अंकुराच्या आत केसासारख्या रक्तवाहिन्या आणि मधोमध चरबी वाहून नेणारी एक नळी. अंकुरांच्या मुळाशी खड्डे असतात. तिथं नव्या पेशी जन्मतात, चढत चढत टोकाला जातात आणि तिथून गळून पडतात. हा सगळा प्रवास दोन-चार दिवसांचा. अस्तर सतत बदलत असतं, म्हणून आतडं लवकर बिघडतं आणि सांभाळलं तर लवकर भरूनही येतं. पुढं हगवणीच्या प्रश्नात हे लागेल.

कोटीपोटाचा सामू (पीएच) आम्ही जपतो. आतड्याचा जपावा लागतो का?

वेगळं काही करावं लागत नाही. चौथ्या पोटातून माल २-३ सामूचा, आंबटढाण येतो. रवंथ करणाऱ्यांच्या स्वादुपिंडाच्या रसात आम्ल मारणारा क्षार कमी असतो, त्यामुळं हा आंबटपणा एकदम जात नाही, मध्यांत्रात बराच पुढंपर्यंत टिकतो. शेवटच्या भागात सामू ७ च्या पुढं जातो.

बायपास प्रोटीन, बायपास फॅट म्हणजे कशाला बायपास?

कोटीपोटाला. म्हणजे तिथल्या जंतूंना चुकवून माल थेट लहान आतड्याच्या दारात नेणं. हे शब्द दुकानदार इतक्या वेळा वापरतात की ते टॉनिक वाटायला लागलंय.

प्रथिनाचं सांगतो. शेंगदाणा पेंड कोटीपोटात फार लवकर फुटते. सरकी पेंडीतलं त्याहून जास्त सुटून पुढं जातं, मक्याच्या ग्लुटेनमधलं आणखी जास्त. आणंदच्या राष्ट्रीय दुग्ध विकास मंडळानं पेंडीवर मोजून फॉर्मल्डिहाइडची प्रक्रिया करून हे प्रमाण वाढवण्याचं तंत्र आपल्याकडे रुजवलं. मोजून हा शब्द महत्त्वाचा. प्रक्रिया जास्त झाली तर ती पेंड आतड्यातही फुटत नाही आणि सरळ शेणात जाते. घरी फॉर्मालिन आणून हा उद्योग करणारा एक जण मला भेटलाय. कृपा करून करू नका.

बायपास फॅट हा खरं तर एक प्रकारचा साबण आहे. तेलातली आम्लं कॅल्शियमला बांधलेली. कोटीपोटात ती सुटत नाहीत, म्हणून जंतूंना त्रास होत नाही. चौथ्या पोटातलं आम्ल लागलं की बंध तुटतो आणि तेल लहान आतड्यात शोषलं जातं. नुकत्या व्यालेल्या, भरपूर दुधाच्या गाईला पहिले तीनेक महिने दिवसाला १०० ते २०० ग्रॅम दिलं तर त्याला अर्थ आहे. सहा लिटरच्या गाईला देऊन बिल वाढतं, दूध नाही.

शेणात मक्याचे दाणे दिसतात. आतडं कमजोर झालंय का?

दाणा आख्खा दिसत असेल तर आतड्याचा दोष नाही, गिरणीचा आहे. साल न फुटलेल्या दाण्यात ना कोटीपोटातले जंतू शिरतात, ना आतड्यातला रस. भरडा करा. मूरघासाचा मका असेल तर कापणी-कुट्टीच्या वेळी दाणा फुटतोय का पाहा.

तरीही एक मर्यादा आहे. गाईच्या लाळेत स्टार्च पचवणारं विकर नसतं आणि आतड्यात ते बेताचंच असतं. मका-ज्वारीचा स्टार्च गव्हापेक्षा सावकाश फुटतो, त्यामुळं कोटीपोटातून सुटून तो आतड्यात जास्त उतरतो. तिथं जेवढा पचेल तेवढा पचतो, उरलेला मोठ्या आतड्यात जाऊन आंबतो. शेण फेसाळ, पातळ, आंबूस वासाचं झालं तर खुराकाचा डबा एकदा मोजून बघा.

वासराला अशक्तपणा आलाय, गूळपाणी पाजू का?

नको. हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त येतो आणि विचारणाऱ्याला माझं उत्तर पटत नाही, कारण गाईला गूळ चालतो हे त्यानं डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

गाईला चालतो, कारण तिच्या कोटीपोटातले जंतूच तो खातात. वासराचं कोटीपोट अजून तयार नसतं. त्यातून ते मान वर करून चोखतं तेव्हा अन्ननलिकेची खाच मिटून नळी बनते आणि पातळ पदार्थ थेट चौथ्या पोटात, तिथून लहान आतड्यात जातो. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या आतड्यात दुधातली साखर फोडणारं लॅक्टेज असतं, पण उसाची साखर फोडणारं सुक्रेज नसतंच. ना वासरात, ना गाईत. मग तो गूळ तसाच पुढं जातो, पाणी ओढून घेतो, आंबतो आणि हगवण लागते. अशक्त वासरू आणखी अशक्त होतं.

याच कारणानं लेकरांना देतो ते घरचं मीठ-साखर-पाणी वासराला उपयोगाचं नाही. लेकराच्या आतड्यात साखर फुटून ग्लुकोज होतं आणि ते मिठाला हाताला धरून आत नेतं. वासरात ती साखर फुटतच नाही. त्याला ग्लुकोजच द्यावं लागतं. वासरांसाठीची तयार पुडी आणा.

हगवण लागली की दूध तोडायचं का?

जुनी माणसं दिवस-दोन दिवस तोडायला सांगतात. मी सांगत नाही. नवं अस्तर बनायला आतड्याला खुराक लागतो आणि वासराच्या अंगात साठा काहीच नसतो. दूध थोडं थोडं, जास्त वेळा द्या. क्षारांचं पाणी दोन दुधांच्या मध्ये द्या, दुधात कालवू नका.

हगवण कधी लागली यावरून अंदाज बांधता येतो. पहिल्या चार-पाच दिवसांत पाण्यासारखी आणि वासरू झपाट्यानं खोल गेलं तर बहुधा ई. कोलाय. त्याची एक जात नवजात वासराच्याच अस्तराला चिकटते आणि विष सोडते. अस्तर शाबूत असतं, पण नळ उघडा राहिल्यासारखं पाणी वाहतं. एक ते तीन आठवड्यांत रोटा विषाणू येतो, तो अंकुरांची टोकंच खुडतो. ती परत उगवेपर्यंत आपण पाणी आणि क्षार पुरवत राहायचं, खरा इलाज तोच. डोळे खोल गेले, चोखणं सुटलं, कान-पाय गार पडले, तर तोंडानं पाजत बसू नका. शिरेतून सलाईन लागतं, डॉक्टरांना बोलवा.

चीक किती वेळात पाजायचा? वार पडल्याशिवाय पाजू नये म्हणतात.

कोण म्हणतं ते मला माहीत आहे. घरातलं सगळ्यांत मोठं माणूस. त्यांचा मान ठेवून सांगतो, वार पडायला आठ-दहा तास लागू शकतात आणि तेवढ्यात आतड्याचं दार बरंचसं लागलेलं असतं.

माणसाच्या बाळाला रोगाशी लढणारी प्रतिपिंडं आईच्या पोटातच वारेतून मिळतात. गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांच्या वारेची बांधणी अशी की ती पलीकडे जात नाहीत. वासरू कोरं जन्मतं. त्याला जे काही मिळायचं ते चिकातून. प्रतिपिंड हा फार मोठा रेणू आहे. एरवी आतडं त्याला तोडून खाऊन टाकेल. पण जन्मल्यावर काही तास लहान आतड्याच्या पेशी असे मोठे रेणू आख्खे गिळून रक्तात सोडतात. चिकात ट्रिप्सिनला, म्हणजे प्रथिन तोडणाऱ्या विकराला, अडवणारा पदार्थही असतो, म्हणजे वाटेत ते तुटू नयेत. पहिल्या चार-सहा तासांत हे शोषण सगळ्यांत चांगलं होतं, मग घसरत जातं आणि साधारण २४ तासांत बंद होतं. त्यानंतर पाजलेला चीक पोषण देतो, आतड्याच्या आतल्या बाजूला थोडं संरक्षणही देतो, पण रक्तात प्रतिपिंडं जात नाहीत.

तेव्हा वासराच्या वजनाच्या साधारण १० टक्के चीक, ३० किलोला ३ लिटर. त्यातला निम्मा पहिल्या दोन तासांत. नाळ कापून आयोडीन लावलं, सडं पुसली, की लगेच. उलट वासरू लुचलं की गाईला पान्हा फुटतो आणि त्याच संप्रेरकानं गर्भाशय आवळतं, वार पडायला मदतच होते. खरवस दुसऱ्या-तिसऱ्या धारेचा करा, तोही वासराचं झाल्यावर.

तासगाव भागातल्या एका बागायतदारानं मला एक युक्ती दाखवली. द्राक्षाची गोडी मोजायला त्याच्याकडे ब्रिक्स मीटर होता. त्यानं काचेवर चिकाचा थेंब टाकला आणि उजेडाकडे धरून आकडा वाचला, २४. गाईच्या चिकाला २२ किंवा वर आलं तर चीक दमदार समजतात, हे त्यानं कुठंतरी वाचलं होतं आणि ते बरोबर आहे. ज्याच्या घरी बाग आहे त्याच्याकडे चीक तपासायचं यंत्र आधीच आहे. असा जादा चीक बाटलीत भरून बर्फाच्या कप्प्यात ठेवा. आटलेल्या गाईच्या वासराला कधी लागेल सांगता येत नाही.

पारडू बाहेरचं काही खात नाही, तरी त्याला जंत कसे होतात?

आईच्या दुधातून. म्हशीच्या पारडांत होणारा टोक्सोकारा हा पांढरा गोल जंत अळीच्या रूपात म्हशीच्या अंगात दडून असतो आणि व्यायल्यावर दुधात उतरतो. पारडाच्या लहान आतड्यात तो वाढतो. मादी ३० सेंटिमीटरपर्यंत. मेलेलं पारडू उघडलं तेव्हा शेवयांची लड गुंडाळून भरावी तसं आतडं ठासलेलं मी पाहिलंय. पांढरट, मातकट, घाण वासाची हगवण, केस उभे, पोट ढेरीसारखं.

पहिलं जंतनाशक वयाच्या १० ते १६ दिवसांच्या दरम्यान द्यायचं ते यासाठी. जंत अंडी घालायच्या आत मरतात आणि गोठाही घाण होत नाही. औषध आणि डोस वजन बघून डॉक्टरांकडून घ्या. महिन्यानं, दोन महिन्यांनी बघू म्हणाल तर तोपर्यंत काम झालेलं असतं.

करडांच्या लेंड्यांवर भाताच्या शितासारखे पांढरे तुकडे दिसतात तो वेगळा प्रकार, फीतकृमी. दिसायला भयंकर, पण त्यामानानं सौम्य.

धडधाकट कोकरू रात्रीत मेलं. कुणी काही खायला घातलं का?

घातलं असेल, पण विष नव्हे. ज्वारी काढलेल्या रानात मेंढरं बसवली, खाली पडलेली कणसं मेंढरांनी ओरपली, किंवा पहिल्या पावसानंतरचा कोवळा चारा भरपूर मिळाला, की दोन-चार दिवसांत असे फोन येतात. कळपातलं सगळ्यांत चांगलं, गुबगुबीत कोकरू जातं. म्हणून संशय शेजाऱ्यावर जातो.

याचं नाव आंत्रविषार. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स ड प्रकार हा जंतू मेंढीच्या आतड्यात थोडा असतोच. एकदम स्टार्च लहान आतड्यात उतरला की तो बेसुमार वाढतो आणि विष सोडतो. गंमत अशी की ते विष आधी निरुपद्रवी असतं. मेंढीचंच ट्रिप्सिन, म्हणजे प्रथिन पचवणारं विकर, त्याला छाटून मारक बनवतं. मान मागं ताणणं, पाय झाडणं, झटके, आणि खेळ खलास. उघडून पाहिलं तर आतडं लालसर आणि हृदयाभोवती पिवळसर पाणी साचलेलं. मूत्रपिंड हाताला मऊ, लगद्यासारखं.

इलाजाला वेळच मिळत नाही. लस पावसाळ्याआधी, मे-जूनमध्ये. पहिल्यांदाच टोचत असाल तर पंधरवड्यानं दुसरा डोस. दुसरा डोस चुकवणारे फार आहेत. कळप तोवर पुढच्या तालुक्यात गेलेला असतो, हेही खरं. निघायच्या आधीच दोन्ही तारखा बसवा.

गाय पोटभर खाते, ताप नाही, तरी पातळ हगते आणि वाळत चाललीय.

जंताचं औषध देऊन झालं, हगवणीची औषधं झाली, तात्पुरता फरक पडला आणि पुन्हा तेच, असं महिनोन्‌महिने चाललं असेल तर जोन्स रोगाची तपासणी करून घ्या. क्षयाच्या जंतूचाच भाऊबंद असलेला जंतू इलियमच्या भिंतीत घर करतो. भिंत जाड होते, आतून मेंदूसारख्या घड्या पडतात, बोटांनी ताणल्या तरी सपाट होत नाहीत. अंकुर दबून जातात, खाल्लेलं शोषलं जात नाही, रक्तातलं प्रथिन आतड्यात गळतं. मग जबड्याखाली पाणी साचून पिशवी लोंबते.

या रोगात चीड आणणारी गोष्ट म्हणजे वेळ. लागण होते वासरू असताना, शेणानं माखलेल्या सडातून किंवा घाण पाण्यातून. लक्षणं दिसतात दोन वर्षांनी किंवा त्याहून उशिरा, बहुधा व्यायल्यावर. तोवर शेणातून जंतू पसरत असतात. भरवशाचा इलाज नाही. अशा गाईचं शेण वासरांच्या वाऱ्याला जाऊ देऊ नका, वासरं वेगळी वाढवा, आणि बाजारातून गाय घेताना फक्त कास बघू नका, शेपटी उचलून मागची बाजूही बघा.

पिंजाऱ्याच्या धनुकलीची तात खरंच आतड्याची असायची?

हो. आतड्याच्या भिंतीत अस्तराच्या खाली चिवट धाग्यांचा थर असतो. बाकीचं खरवडून तो पिळला की तात होते. जखमा शिवायचा विरघळणारा दोरा, कॅटगट, तोही मेंढीच्या लहान आतड्याच्या याच थरापासून बनवत आले. नावात मांजर आहे, दोऱ्यात नाही.

शेणावरून आतड्याचं काही कळतं का? नमुना कसा द्यायचा?

थोडं कळतं. डांबरासारखं काळं शेण म्हणजे रक्त वरच्या बाजूला, चौथ्या पोटात किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीला सांडलं आणि पचत खाली आलं. लालभडक रक्त म्हणजे खालचा भाग, मोठं आतडं. करडांत रक्ती हगवण असेल तर कॉक्सिडिया हे आतड्यातले एकपेशीय परजीवी डोक्यात ठेवा. पाऊस सरता सरता दलदलीत चरणाऱ्या गुरांना दुर्गंधी पिचकारी लागली, तर गोगलगायींमार्फत येणारे लहान वयाचे पर्णकृमी आद्यांत्राला चिकटलेले असू शकतात. तेव्हा शेणात अंडी सापडत नाहीत, म्हणून रिपोर्ट कोरा आला तरी डॉक्टरांना चराईची जागा सांगा.

नमुना जमिनीवरचा उचलू नका. हातमोजा घालून गुदद्वारातूनच घ्या, सुपारीएवढं पुरतं. स्वच्छ डबीत भरा, वर जनावराचा बिल्ला नंबर आणि वय लिहा, आणि त्याच दिवशी दवाखान्यात पोचवा. मागच्या पावसाळ्यात एकानं पाच गाईंचं शेण एकाच पिशवीत कालवून आणलं होतं. त्याला परत पाठवलं, दुसऱ्या दिवशी तो पाच डब्या घेऊन आला, चार कोऱ्या निघाल्या आणि एकीत सापडलं.